पूर्णगडला कावळे हाकले त्याची हकीकत

आमच्या मंडळीचा नाताळात एक अंक निघतो. यंदा पाळकसाहेबांच्या पत्नी घरी आल्या आणि म्हणाल्या, "एस्तरबाई, तुम्ही वीस वर्षे बायबलबाईचे काम केलेत. अंकासाठी चार पाने लिहून द्या." मी नाही म्हटले. चारचौघांत प्रार्थना करायची वेळ आली तरी माझे ओठ सुकतात. छापील नाव आले असते तर महिनाभर चर्चच्या मागच्या बाकावरसुद्धा बसायची मला हिंमत झाली नसती. त्या चहा घेऊन गेल्या. पण त्या गेल्यापासून मला चैन पडेना. म्हणून ही वही काढली आहे. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. जमेल तसे लिहिते. अंकाला द्यायचे नाही, हे आधीच ठरवले म्हणजे खरे लिहिता येईल.

बायबलबाई म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसांना नीट माहीत नसते. पाळक चर्चमध्ये उपदेश करतात, पण दुपारच्या वेळी बायकांच्या ओटीवर त्यांना कोण चढू देणार? तेथे आम्ही जायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत मराठी शास्त्र, गीतांचे पुस्तक आणि रंगीत चित्रांची गुंडाळी. पाण्याचा तांब्या आपला आपल्याजवळ, म्हणजे पाणी मागून कुणाला अडचणीत टाकायला नको. ओटीवर बोलावले तर ओटीवर, नाहीतर अंगणात बसायचे. चुलीकडे पाहायचेसुद्धा नाही. किनाऱ्यावरच्या गावांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या आणि पुरुषमाणसे घरात, तेव्हा बायकांना मान वर करायला फुरसत नसे. नारळी पौर्णिमेनंतर गलबते बाहेर पडली की त्या बोलायला मोकळ्या.

मी दुष्काळात सापडलेली पोर, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. तेथेच लग्न झाले. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता. तो तापाने गेला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, मूलबाळ नव्हते. मिशनच्या मिसबाईंनी मला राहेलबाईंच्या हाताखाली दिले. राहेलबाई देशावरच्या. आवाज असा की रस्त्याच्या पलीकडची बाईसुद्धा हातातले सूप ठेवून ऐकू लागे. पहिली तीन वर्षे त्या बोलत आणि मी चित्र धरून उभी राहायची. चित्र उंच धरले की माझे तोंड दिसत नसे, हे मला फार सोयीचे होते.

"एस्तर, चित्र खाली घे," त्या मध्येच म्हणत. "लोकांना वाटेल मेंढपाळाला लुगडे नेसवले आहे."

रत्नागिरी शहरात एक खतीजाबी होत्या, फार म्हाताऱ्या. त्यांना योसेफाची गोष्ट हवी असे, दुसरी कोणतीच नको. राहेलबाई सांगू लागल्या की त्या हात वर करत. "अगो, तसा नाय तो. तुमच्यात चुकीचा लिवलाय. युसुफचा मी सांगतंय, गप ऱ्हा." आणि मग त्याच सांगत. भावांनी त्याला परमुलखात विकले तेथे आल्या की थांबत, कारण त्यांचा मुलगा आफ्रिकेत होता आणि कितीतरी वर्षांत पत्र नव्हते. महिन्याच्या रिपोर्टात या घराबद्दल काय लिहावे ते आम्हाला कळत नसे. "गोष्ट ऐकली" असे राहेलबाई लिहीत. ते खरेच होते.

पुढे राहेलबाईंचे गुडघे गेले आणि दूरची गावे माझ्या एकटीवर आली. त्यांत पूर्णगड होते. भाट्याच्या खाडीवर तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, धरायची, मग कधी बैलगाडी मिळाली तर ठीक, नाहीतर पायी. गावाच्या अलीकडे एका ख्रिस्ती शाळामास्तरांचे घर होते, त्यांच्या पडवीत मी आठवड्यातले दोन दिवस उतरत असे. पहिल्या दिवशी मी चित्र काढले आणि एक शब्दही न बोलता गुंडाळून ठेवले. बायका हसल्या. त्यांतली एक हसली नाही. ती भागी.

भागीला मी आधीपासून ओळखत होते. तिची दोन मुले जन्मतःच गेली होती. तिसऱ्या वेळी ती रत्नागिरीच्या दवाखान्यात महिनाभर होती. तेही मूल राहिले नाही, पण ती वाचली. त्या महिन्यात मी तिच्या खाटेपाशी बसून वाचत असे. घरी जाताना ती म्हणाली होती, "बाय, हा तुमचा येशू मेलेल्या पोराच्या आवशीशी बोलला होता ना, तो माका आवडलाय. बाकीचा मग सांगा." बाकीचे सांगायला मी पूर्णगडला जात होते.

तिच्या घरात नवरा रामा आणि सासू, एवढीच माणसे. रामा गलबतावर खलाशी. कौले आणि काथ्या आणायला मलबारपर्यंत जायचे आणि वैशाखात परतायचे. सासूला सगळा गाव 'आये' म्हणे. मीही म्हणू लागले. रामा आयेचा एकुलता एक. तिचा नवरा समुद्रातच गेला होता.

येथे मला आमच्या कामातली खरी गोष्ट सांगितली पाहिजे. बोर्डिंगात असताना मला वाटे, शिष्य म्हणजे ज्याचे पाठांतर चोख तो. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि प्रश्नोत्तरांचे पुस्तक धडाधड म्हणून दाखवले की झाला शिष्य. भागीला पाठांतर येईना. आज म्हणायची, उद्या विसरायची. मी रडकुंडीला आले. शेवटी ती म्हणाली, "बाय, म्हणायचा जाऊं दे. करायचा काय ता सांगा, ता इसरणार नाय."

तेव्हापासून आम्ही आठवड्याला एकच वचन घेऊ लागलो. मी ते समजावून सांगायची आणि पुढच्या आठवड्यात तिने काय केले ते मला सांगायचे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे वचन घेतले त्या आठवड्यात ती म्हणाली, "शेवंतीबरोबर माजा मासळी वाळवायच्या खळ्यावरनं भांडण. तिची सुकट माज्या खळ्यात आली की मी सारून टाकायची. ह्या आठवड्याला टाकली नाय."

"मग?"

"मग काय, माजा अर्धा खळा गेला. पण आता ती माज्याशी बोलते. जरा जास्तच बोलते."

हे ऐकून मी त्या संध्याकाळी मास्तरांच्या पडवीत बसून माझ्या स्वतःच्या भांडणांचा विचार केला. वचन देणारी मी आणि पाळणारी ती. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याच्या मागे धावावे लागते, हे या कामात फार लवकर कळते.

दुसऱ्या वर्षी भागीने बाप्तिस्मा मागितला. ते मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीचे वर्ष होते. रामाने बाहेर पडण्यापूर्वी मला अंगणात उभे करून सांगितले, "बाई, भागीला माजी ना नाय. दवाखान्यात तुमी तिला जगवलात. पण माजी आये रडता कामा नये. मी परत येईन तेवा आयेला इचारीन. ती सुखात असली तर भागी तुमची. तिच्या डोळ्यातनं टिपूस आला असला तर ह्या दारात परत येऊं नका."

आये तेथेच जाळे विणत बसली होती. ती म्हणाली, "मी कशाक रडू? मी काय पोर हाय?"

एवढीच अट होती. ती मोडली ती मी.

आमच्या मंडळीत तेव्हा रिवाज होता की बाप्तिस्म्यापूर्वी बाईने कुंकू पुसावे. हे शास्त्रात कोठे आहे, असे कुणी विचारले नव्हते. मीही नाही. बोर्डिंगात वाढल्यामुळे माझ्या कपाळाला कुंकू कधी लागलेच नव्हते. मला ते पाटीवरच्या अक्षरासारखे वाटे. ओले बोट फिरवले की गेले.

थंडीचे दिवस होते. मी सकाळीच रत्नागिरीहून येऊन पोहोचले होते. भागी विहिरीवर भेटली.

मी म्हटले, "मंडळीची वडील माणसे तुला प्रश्न विचारतील. कुंकू सोडले का, हे पहिल्यांदा बघतील. आतापासून सवय केलेली बरी."

ती घागर काठावर टेकवीत होती. "आजच?"

"सोडायचे ते आज काय आणि उद्या काय."

"आयेला आदी सांगू?"

या ठिकाणी मी चुकले. मी म्हटले, "सांगितलेस तर ती नको म्हणेल आणि मग तुला जड जाईल. आधी कर, मग सांग."

तिने पदराचे टोक पाण्यात बुडवून कपाळ पुसले, घागर कमरेवर घेतली आणि निघाली. मला आनंद झाला. माझ्या हातून एक शिष्या तयार झाली, असे मी मनात म्हटले. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

विहिरीपासून भागीचे घर दिसत असे. आये अंगणात बसली होती. तिने मान वर केली. भागीचे कपाळ पाहिले, आणि तिच्या मागे विहिरीवर मी उभी आहे, रत्नागिरीहून नुकती आलेली, तेही पाहिले. तिने अशी किंकाळी फोडली की माडांवरची पाखरे उडाली. "रामा रे! माज्या बाबा रे!" म्हणत ती जमिनीवर डोके आपटू लागली. बायका घराघरांतून धावत आल्या. "मिशनवाली बाय खबर घेऊन आली! रामाचा गलबत गेला!" एवढे एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायला किती वेळ लागतो? शेवंती सर्वांच्या पुढे होती. भागीची ती आता मैत्रीण, म्हणून तिनेच रडत रडत भागीचा हात धरला आणि जोत्याच्या दगडावर आपटून बांगड्या फोडल्या. भागी "अगो, नाय गो, सोड" म्हणत होती, पण त्या आकांतात कोण ऐकणार?

आणि मी विहिरीवर उभी होते. धावत जाऊन "तो जिवंत आहे, चूक माझी आहे" एवढेच सांगायचे होते. बोलणे हेच माझे काम होते. माझ्या गळ्यातून आवाज निघाला नाही. प्रभूची प्रार्थना दोनदा म्हणून होईल इतका वेळ मी तशीच उभी होते आणि तेवढ्या वेळात भागीच्या एका हातातल्या बांगड्या फुटून गेल्या. दुसरा हात धरल्यावर भागीने शेवंतीला ढकलले आणि ओरडली, "जित्ता हाय! आये, तो जित्ता हाय! मीच पुसलंय गो!"

सगळे एकदम थांबले. आये उठून बसली. तिच्या कपाळातून रक्त येत होते.

"पुसलंस? घोव दर्यात असताना पुसलंस?" तिने विचारले. मग बोट माझ्याकडे केले. "हिणं सांगितलान?"

माझी लाज राखण्यासाठी भागी गप्प राहिली, आणि गप्प राहिल्यामुळेच सर्वांना कळले.

त्या दिवशी मला कुणी मारले नाही, शिव्याही फार दिल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने फक्त सांगितले, "बाय, तर चुकेल. नीघ." आये मात्र दिवसभर रडत होती असे मास्तरांनी नंतर सांगितले. भागीने लगेच कुंकू लावले, नव्या बांगड्या भरल्या. पण आयेच्या मते जे व्हायचे ते होऊन गेले होते. सुनेने कुंकू पुसले, बांगडी फुटली, आता समुद्र आपले काम करणार. दुसऱ्या दिवसापासून ती रोज किल्ल्याखालच्या खडकावर जाऊन बसू लागली.

मी रत्नागिरीला परतले आणि राहेलबाईंना सर्व सांगितले. त्या पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

"अगं, सोळा वर्षे मी हे काम केले," त्या म्हणाल्या. "एकीच्याही कुंकवाला हात लावला नाही. वचन आत गेले की बाहेरचे ज्याचे तो बघतो. तुला कोणी सांगितले होते मधल्या मध्ये देवाची घाई करायला?"

"मंडळीचा रिवाज..."

"रिवाज कुठे पळून जात होता? उद्या जा. म्हातारीचे पाय धर."

"आपण पाया पडत नाही, राहेलबाई."

"देव म्हणून पडत नाही. माफी मागायला वाकू नये, असे कुठल्या अध्यायात आहे ते मला वाचून दाखव. चष्मा तिथे कोनाड्यात आहे."

मी चष्मा आणायला उठले नाही. दुसऱ्या दिवशी पूर्णगडला गेले.

आयेने पाय धरू दिले नाहीत. मी वाकले तशी ती घरात गेली. मग मी अंगणाच्या कडेला बसून राहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. पिशवी मास्तरांच्या घरी ठेवून जात असे. शास्त्र नाही, चित्रे नाहीत. भागी लांबून पाहायची, बोलायची नाही. आयेने तिला मनाई केली होती आणि ती आयेचे ऐकत होती. मला वाटते तिसऱ्या आठवड्यात असेल, आये खडकावर जायला निघाली आणि जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसून खाज येत नाय? सुकटीला हात लावू नको, पण कावळे तरी हाकल."

खळ्यात सुकट वाळत घातलेली होती. तेथे एक बांबूची काठी होती, टोकाला चिंधी बांधलेली. ती मी घेतली. पौषापासून वैशाखापर्यंत, आठवड्यातले दोन दिवस, मी आयेच्या खळ्यातले कावळे हाकले. हे काम वाटते तितके सोपे नाही. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो आणि कोण भित्रे आहे हे त्याला लगेच कळते. येणाऱ्याजाणाऱ्या बायका विचारीत, "काय बाय, तुमचा मिशन आता कावळ्यांस किरिस्ताव करतंय काय?" शेवंती म्हणे, "बाटवा, बाटवा, म्हणजे चोऱ्या तरी बंद होतील." मी मान खाली घालून हसत असे. महिन्याच्या रिपोर्टात काय लिहू, असे मी मिसबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, जे केले ते लिही. मी "कावळे हाकले" असे लिहिले. त्यांनी ते खोडले नाही.

हळूहळू आये खडकावरून आल्यावर माझ्याजवळ बसू लागली. बोलणे थोडेच. एकदा तिने विचारले, "तू काय मागतेस गो तुज्या देवाकडे, डोळे मिटून?"

"रामा सुखरूप यावा, म्हणून मागते."

"माज्यासाठी?"

मी म्हटले, "माझ्यासाठीही. तो आला नाही तर मी काय करू?"

हे मी खरे सांगितले. अपशकुन खोटा असतो, असे मी वर्षानुवर्षे शिकवीत आले होते आणि ते मला मनापासून पटलेही होते. तरी त्या चार महिन्यांत वारा वाढला की मी रत्नागिरीतल्या माझ्या खोलीत उठून बसे. मी कुणाचा विश्वास घडवायला निघाले होते आणि माझाच केवढासा होता, हे तेव्हा कळले.

वैशाख लागला. एकेक गलबत येऊ लागले. पूर्णगडची सगळी आली, वर ओढली, पावसासाठी झावळ्यांनी शाकारली. रामाचे आले नाही. आये बोलायची थांबली. गाव माझ्याकडे बघू लागला. मास्तरांनी मला सुचवले की आता काही दिवस येऊ नका. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण मी विहिरीवर एकदा नुसती उभी राहिले होते, तसे पुन्हा करायचे नव्हते. खबर वाईट आलीच तर ती यायच्या वेळी मी त्या अंगणात असले पाहिजे, एवढेच मला वाटत होते.

एका दुपारी मी खळ्यात होते. खडकाकडून आये धावत येताना दिसली. त्या वयात धावणारी बाई मी पाहिली नव्हती. लांबूनच ती हात करीत ओरडली, "ए कावळेवाली! ऊठ! शीड दिसतंय!"

डोलकाठी मोडल्यामुळे ते गलबत मंगळूरला अडकून पडले होते, एवढेच. रामा संध्याकाळपर्यंत घरी आला. वाटेतच त्याला चार जणांनी सगळी हकीकत सांगितली होती. तो अंगणात आला, माझ्याकडे पाहिले, भागीच्या कपाळाकडे पाहिले, आणि म्हणाला, "मी मेलो होतो तर माका कळवायचात तरी. उगाच तिकडे काम करीत ऱ्हायलो."

कुणी हसेना. मग आयेच हसली, आणि हसता हसता रडू लागली.

रामा गंभीर झाला. मला म्हणाला, "बाई, माजी अट काय होती?"

"आयेच्या डोळ्यांत पाणी यायचे नाही, ही. ते माझ्यामुळे आले," मी म्हटले. आवाज लहान होता, पण निघाला.

"आये, तूच सांग आता," तो म्हणाला.

आयेने पदराने नाक पुसले. "हिचा देव मी वळखत नाय," ती म्हणाली. "हिला वळखतंय. हिणं माज्या घराला घोर लावलान, आणि घोर संपेपर्यंत हितंच बसली. पळाली नाय. भागीला जायचा तर जाऊं दे. पण कुंकू घेऊन जाऊं दे. ता पुसायचा नाय."

आता ही अट मला मंडळीपुढे न्यायची होती. पाळकसाहेबांच्या ओटीवर ते आणि तीन वडील बसले होते. मंडळीचा कारभार पाहणारी ही वयस्क माणसे. त्यांत मुख्य एक निवृत्त हेडमास्तर, माणूस सरळ पण कडक. भागी समोर चटईवर, मी तिच्या शेजारी. प्रश्नोत्तरांत ती चार ठिकाणी अडली. मग हेडमास्तरांनी तिच्या कपाळाकडे बोट केले.

"हे ठेवून बाप्तिस्मा कसा देणार?"

मी उठून उभी राहिले. इतकी वर्षे त्या ओटीवर मी फक्त चहाचे ताट घेऊन गेले होते. मी म्हटले, "चूक माझी आहे. मी हिला एकदा पुसायला लावले. हिच्या सासूचे कपाळ फुटले, ते मी पाहिले आहे. पुन्हा मी सांगणार नाही. तुम्ही मला कामावरून काढलेत तरी नाही." पुढे आणखी बोलायचे होते, पण तेवढ्यावरच मी खाली बसले.

हेडमास्तर भागीला म्हणाले, "तू बोल. प्रभूसाठी एवढे सोडवत नाही?"

भागी म्हणाली, "सोडलेला. आये मरायला टेकली. आईबापांचा मान राखायची आज्ञा कितवी ता माका आठवत नाय, मास्तर. पण हाय ना ती?"

राहेलबाई दाराआड बसल्या होत्या. त्या आतून म्हणाल्या, "पाचवी."

पाळकसाहेबांनी बाप्तिस्मा द्यायचे ठरवले. हेडमास्तर त्या दिवशी उपासनेला आले नाहीत, आणि पुढेही वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचे मन दुखावले, याचे मला वाईट वाटते. ते बोर्डिंगात माझे गुरुजी होते.

भागीचे पुढचे येथेच सांगून टाकते. पूर्णगडला तिने दुसऱ्या कुणाला ख्रिस्ती केले नाही. शेवंती आणि आणखी दोघीतिघी तिच्या खळ्यात बसत आणि आठवड्याला एक वचन घेत, तिच्या पद्धतीने, पाठ न करता. मी नंतर मंडळीतल्या मुलींचे वर्ग घेतले तेही याच रीतीने. कितीजणी ख्रिस्ती झाल्या, असे मला विचारतात. मला सांगता येत नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी आये रत्नागिरीला आली होती. चर्चच्या आत आली नाही, बाहेर आंब्याखाली बसून राहिली. उपासना संपल्यावर भागी बाहेर आली तेव्हा आयेने हनुवटी धरून तिचे कपाळ उजेडात पाहून घेतले आणि तिला रामाकडे पाठवले. मग माझ्याकडे वळली.

"तू रांड ना गो?" तिने विचारले. तिच्या तोंडी तो शब्द साधा होता, विधवा एवढाच.

"हो. दहा वर्षे झाली."

"तुज्या कपाळावर तर कायच दिसत नाय. तेवा पण कायच नसेल. मग तुजा गेला ता लोकांस कळला कसा?"

मी म्हटले, "चर्चमध्ये सांगितले. प्रार्थना झाली."

"ता झाला. रडला कोण तुज्याबरोबर?"

मी आठवू लागले. मिसबाईंनी खांद्यावर हात ठेवला होता. राहेलबाईंनी भाकरी आणून दिली होती. तो आता प्रभूपाशी आहे, रडू नये, असे सगळ्यांनी सांगितले आणि मी रडले नव्हते. तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी चित्र धरून उभी राहिले होते. ते चित्र उंच का धरत होते, हे मलाही तेव्हा माहीत नव्हते.

आयेने आंब्याखालची पाने हाताने बाजूला सारली. "बस हितं," ती म्हणाली. "नाव काय त्याचा?"

नवऱ्याचे नाव आमच्यातही बायका घेत नसत. मी ते कधीच घेतले नव्हते, तो होता तेव्हाही नाही आणि गेल्यावरही नाही. मी बसले आणि म्हटले, "दावीद."

"दायीद," आये म्हणाली. तिने गुडघ्यावर हात मारला आणि सूर लावला, जसा त्यांच्याकडे मेलेल्या माणसासाठी लावतात तसा. चर्चमधून माणसे बाहेर पडत होती, सगळी आमच्याकडे बघत होती. मी तिला थांबवले नाही.